घरचा जुना सर्व्हर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडच्या आमच्या घरात, माळ्यावर, २००९ सालापासून एक सर्व्हर अखंड चालू होता. तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलेला कोअर टू ड्युओचा टॉवर, त्यावर आधी डेबियन या लिनक्स प्रणालीची ५ वी आवृत्ती आणि पुढे टप्प्याटप्प्याने डेबियन ८. घरच्यांची मेल, सोसायटीचे संकेतस्थळ, ट्रेकच्या फोटोंचा साठा आणि आजोबांच्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणे असा सगळा संसार त्याच्यावर होता. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत तो नव्या यंत्रावर हलवला. त्यानंतर ओळखीचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. वाचकाला लिनक्सच्या कमांड लाइनची सवय आहे असे गृहीत धरले आहे.

सर्व्हर व्यवस्थित चालतो आहे. मग तो बदलायचा कशासाठी?

यंत्र चालू असणे आणि त्यावर विसंबता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेबियन ८ चा दीर्घकालीन आधार ३० जून २०२० रोजी संपला, तर सेंटओएस ७ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. त्यानंतर सापडलेली सुरक्षेची भोके अशा यंत्रांवर कायमची उघडी राहतात, आणि ती हुडकणारे प्रोग्राम इंटरनेटवर दिवसरात्र दारे ठोठावत फिरत असतात. एका रात्रीचा लॉग उघडून पाहिला तरी याची खात्री पटेल.

दुसरे कारण अधिक रोजच्या व्यवहारातले आहे. तुमचे यंत्र जागेवर थांबले तरी बाहेरचे जग थांबत नाही. ३० सप्टेंबर २०२१ रोजी, संकेतस्थळांना सुरक्षा प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतले जुने मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झाले आणि ती प्रमाणपत्रे तपासणाऱ्या ओपनएसएसएलची १.०.२ किंवा त्याहून जुनी आवृत्ती असलेल्या असंख्य यंत्रांना चांगली संकेतस्थळेही अविश्वासार्ह वाटू लागली. आमच्याकडे पावसाचा अंदाज उतरवून घेणारी एक लहानशी स्क्रिप्ट त्या दिवशी बंद पडली आणि मी दोन दिवस चूक त्या स्क्रिप्टमध्येच शोधत बसलो.

हार्डवेअर थकले आहे हे कशावरून ओळखावे?

डिस्कपासून सुरुवात करावी. डिस्कची प्रकृती सांगणारी स्मार्टसीटीएल ही कमांड चालवल्यावर जी यादी दिसते तिच्यातील ५ आणि १९७ हे दोन क्रमांक पाहावेत. पहिला बदली दिलेले सेक्टर मोजतो, दुसरा धड वाचता न येणारे, निकालाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर मोजतो. १९७ समोरचा आकडा शून्यावरून हलला की डिस्कवरचा मजकूर त्याच आठवड्यात दुसरीकडे नकलून घ्यावा. क्रमांक ९ म्हणजे डिस्क किती तास चालली याची नोंद. आमच्या एका डिस्कवर हा आकडा ९४,००० च्या पुढे गेला होता, म्हणजे जवळपास अकरा वर्षे.

त्यानंतर झाकण उघडून मदरबोर्डवरचे कपॅसिटर पाहावेत. त्यांचे डोके सपाट असले पाहिजे. ते फुगलेले किंवा तपकिरी चिकट द्रव सांडलेले दिसले, तर त्या बोर्डावर आणखी पैसे घालू नयेत. एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्यावर पुण्याची धूळ आणि पावसाळ्याची दमट हवा मिळून जो नमदा तयार होतो, तो साफ केल्याने आवाज कमी होतो, वय कमी होत नाही.

एक फसवे लक्षणही सांगतो. आमचे घड्याळ वीज गेल्यानंतर थेट काही वर्षे मागे जाई, मग सगळी प्रमाणपत्रे ‘अजून लागू झालेली नाहीत’ म्हणून नाकारली जात आणि मेल बंद पडे. दोष बोर्डावरच्या नाण्याएवढ्या सीआर२०३२ बॅटरीचा होता. तेवढ्यासाठी सर्व्हर बदलण्याचे कारण नाही.

नवे यंत्र कोणते घ्यावे?

चार-पाच माणसांची मेल, एखाद-दोन संकेतस्थळे आणि फोटो यांसाठी मोठ्या सर्व्हरची गरज नाही. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या इंटेल एन१०० या चार कोअरच्या, ६ वॉटच्या प्रोसेसरचा मिनी पीसी आमच्यासाठी पुरून उरला. ८ ऐवजी १६ जीबी रॅम घ्यावी. इंटेलच्या अधिकृत माहितीनुसार या प्रोसेसरला तेवढीच चालते, त्यामुळे नंतर वाढवू असा विचार येथे उपयोगाचा नाही.

रास्पबेरी पाय ५ विषयी बरेच जण विचारतात. यंत्र चांगले आहे. मात्र ते एसडी कार्डावर चालवून त्यावर डेटाबेस ठेवणे म्हणजे विटेवर नुसती वीट रचून माळा बांधण्यासारखे आहे. सततच्या लिखाणाने कार्ड झिजते आणि बहुधा आगाऊ सूचना न देता जाते. एसएसडी जोडणार असाल तर हरकत नाही.

खरेदीनंतर बायॉसमध्ये शिरून ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हावे’ हा पर्याय निवडावा. बहुतेक मिनी पीसींवर तो बंद असतो आणि त्याची आठवण तुम्ही गावाला गेल्यावरच होते.

विजेचा काही फरक पडतो का?

पडतो, आणि अपेक्षेपेक्षा जास्त पडतो. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर जुना टॉवर निवांत असताना ७२ वॉट घेत होता, नवे यंत्र दोन एसएसडींसह ११ वॉट घेते. चोवीस तास, वर्षभर असा हिशोब केला तर पहिल्याचे सुमारे ६३० युनिट होतात आणि दुसऱ्याचे सुमारे ९६. घरगुती वीजदर टप्प्यांनुसार चढत असल्याने वाचलेले युनिट तुमच्या बिलातील सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला पाच हजारांच्या वर बचत दिसते.

गुरुवारी वीज जाते, त्याचे काय करावे?

पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद राहणे नवे नाही. घरच्या इन्व्हर्टरवर टॉवर जोडलेला असेल तर वीज गेल्या क्षणी, इन्व्हर्टर हाती घेईपर्यंतच्या फटीत, तो पुन्हा सुरू होण्याची शक्यता असते. मिनी पीसी जर १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालणारा असेल, तर तो आणि राउटर हे दोघे डीसी यूपीएसवर ठेवता येतात. यूपीएस निवडताना तो किती अँपिअर देतो हे मात्र दोघांची बेरीज करून तपासावे, कारण बाजारातले पुष्कळसे यूपीएस एकट्या राउटरच्या मापाचे असतात.

जुन्याच यंत्रावर डेबियनची नवी आवृत्ती चढवून भागणार नाही का?

डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळून उडी मारता येत नाही. ८ वरून १३ वर यायचे तर ९, १०, ११, १२ अशा सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि प्रत्येक पायरीवर काही ना काही बदललेले असते: कोठे नेटवर्क कार्डाचे ईटीएच० हे नाव जाते, कोठे फायरवॉलसाठी आयपीटेबल्सच्या जागी एनएफटेबल्स येते. शिवाय जुन्या आवृत्त्यांची पॅकेजेस आता संग्रहात हलवलेली आहेत आणि त्यांवरच्या सह्यांच्या किल्ल्या कालबाह्य झाल्या आहेत.

आमची अडचण आणखी मुळातली होती. प्रोसेसर ६४ बिटांचा असूनही २००९ साली मी सवयीने ३२ बिटांची प्रणाली बसवली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२ बिटांच्या जुन्या पीसींसाठी इन्स्टॉलरच मिळत नाही. म्हणून नव्या यंत्रावर कोरी प्रणाली बसवून एकेक सेवा हलवणे हाच मार्ग उरला, आणि माझ्या मते ३२ बिटांची अडचण नसती तरी तोच शहाणपणाचा होता. जुने यंत्र शेजारी चालू असताना नव्यावर हवे तितके चुकता येते.

जुन्या सर्व्हरवर नेमके काय काय चालते हे कसे शोधावे?

संपूर्ण कामातला हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि लोक तो एका संध्याकाळीत उरकतात. सोळा वर्षांत आपण स्वतः काय लिहून ठेवले ते आपल्यालाच आठवत नाही, त्यामुळे परक्या घराची झडती घेतल्यासारखी आपल्याच यंत्राची झडती घ्यावी लागते.

प्रथम कोणते पोर्ट उघडे आहेत आणि त्यांमागे कोणता प्रोग्राम बसला आहे याची यादी करावी. नंतर प्रत्येक वापरकर्त्याचा क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, वेगवेगळा पाहावा. केवळ रूटचा पाहून थांबू नये. ईटीसीमधल्या फाइलींची मूळ पॅकेजमधल्या फाइलींशी तुलना करून कोणत्या हाताने बदलल्या आहेत ते वेगळे काढावे. युजर-लोकल-बिनमध्ये ठेवलेल्या स्क्रिप्ट तर हमखास विसरल्या जातात. वेब सर्व्हरचा किमान महिनाभराचा लॉग वाचून कोणकोणत्या पत्त्यांवर लोक खरोखर येतात हे पाहावे.

महिनाभराचा लॉग मात्र वर्षातून एकदा जागे होणारे काम दाखवत नाही. आमच्याकडे सोसायटीच्या गणेशोत्सवाचे पान उघडणारी एक स्क्रिप्ट होती. चतुर्थीची तारीख दरवर्षी बदलते, ती क्रॉनला कळत नाही, म्हणून मी कधीकाळी एका साध्या मजकुराच्या फाइलीत पुढच्या पंधरा वर्षांच्या तारखा पंचांगातून पाहून टंकून ठेवल्या होत्या आणि स्क्रिप्ट रोज पहाटे ती फाइल उघडून ‘आज आहे का’ एवढेच पाहत असे. ही फाइल कीर्तनांच्या फोल्डरमध्ये सापडली. ती तेथे का होती याचे उत्तर मी आजही देऊ शकत नाही. यादीत शेवटची तारीख २०२६ ची होती.

मराठी मजकूर बिघडेल का?

काळजी घेतली नाही तर बिघडेल, आणि बिघाड बहुतेक वेळा डेटाबेस हलवतानाच होतो.

जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये तक्ते मुळात लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपीय अक्षरांपुरत्या संकेतपद्धतीचे, म्हणून तयार होत असत. संकेतस्थळ त्यात यूटीएफ-८ या सर्व लिपींच्या युनिकोड पद्धतीचे बाइट घालत असे आणि तसेच्या तसे बाहेर काढत असे, त्यामुळे डेटाबेसचा समज चुकीचा असूनही पानावर मराठी नीट दिसे. आता डम्प, म्हणजे सगळ्या डेटाबेसची मजकुराच्या फाइलीत उतरवलेली प्रत, घेताना डेटाबेस आपल्या समजुतीप्रमाणे लॅटिन-१ चे यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करतो, म्हणजे आधीच यूटीएफ-८ असलेल्या मजकुराचे दुसऱ्यांदा रूपांतर होते. नव्या यंत्रावर पान उघडले की मराठीऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए पुन्हा पुन्हा दिसतो. त्याच्या शेजारी चार शिंगे फुटलेल्या वर्तुळासारखे चलनचिन्ह असेल तर तेथे मूळ व्यंजन, काना किंवा पहिली वेलांटी होती. येनचे चिन्ह असेल तर दुसरी वेलांटी, उकार, मात्रा किंवा पाय मोडल्याची खूण होती. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात आणि पहिले दोन बाइट लॅटिन-१ मध्ये याच जोड्या दाखवतात.

उपाय असा की डम्प घेताना जोडणी लॅटिन-१ चीच आहे असे सांगावे, म्हणजे रूपांतर होत नाही. मग डम्पच्या फाइलीत तक्त्यांच्या व्याख्येतील लॅटिन-१ च्या जागी यूटीएफ८एमबी४ लिहावे आणि आयात त्याच नावाने करावी. निव्वळ यूटीएफ८ लिहिल्यास मराठी चालते, पण त्यात चिन्हामागे तीनच बाइट मावत असल्याने सोसायटीच्या सदस्यांनी टाकलेले इमोजी नाकारले जातात.

एवढे करूनही आमची आयात एका ओळीवर थांबली. जुन्या रकान्याची रुंदी ३२ होती, आणि लॅटिन-१ च्या समजुतीत ३२ अक्षरे म्हणजे ३२ बाइट. ‘लक्ष्मीनारायण’ या नावात जोडाक्षरे सुटी करून तेरा चिन्हे होतात, म्हणजे ३९ बाइट. रकान्यात ‘लक्ष्मीनार’ एवढे तीस बाइट पूर्ण बसले होते आणि पुढच्या कान्याचे पहिले दोन बाइट तुटून लोंबकळत राहिले होते. संकेतस्थळावर ते नाव वर्षानुवर्षे तुटकेच दिसत होते आणि स्वतः सभासदानेही कधी तक्रार केली नव्हती. अशा ओळी हाताने दुरुस्त कराव्या लागतात.

पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस वापरत असाल तर डेटाबेसची फोल्डर जशीच्या तशी उचलून नेऊ नये. लिनक्सची पायाभूत लायब्ररी जीलिबसी हिच्या २०१८ च्या २.२८ आवृत्तीत अक्षरांच्या क्रमाचे नियम बदलले, त्यामुळे जुन्या क्रमाने रचलेले इंडेक्स नव्या प्रणालीवर चुकीची उत्तरे देऊ शकतात. डम्प घेऊन भरणा केल्यास इंडेक्स नव्याने तयार होतात आणि हा प्रश्न मिटतो.

मराठी नावांच्या फाइलींचे काय?

लिनक्सवरून लिनक्सवर आरसिंक या फाइली नकलणाऱ्या कमांडने नेल्यास त्या सुखरूप जातात. अडचण ‘ऱ’ या अक्षराची आहे. तो युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि ‘र’ खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊनही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल प्रणाली नावे सुटी करून साठवत असे, त्यामुळे त्या मॅकवरून चढवलेली ‘दुसऱ्या दिवसाचे कीर्तन’ ही फाइल आणि लिनक्सवर त्याच नावाने केलेली फाइल या दोन वेगळ्या फाइली ठरतात. आमच्या ध्वनिमुद्रणांत अशा जोड्या निघाल्या, डोळ्यांना सारख्या आणि यंत्राला निराळ्या. हलवण्याआधी सगळी नावे एकाच रूपात आणून घेतलेली बरी.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांतील पाने कशी न्यावीत?

ती आहेत तशी न्यावीत आणि सावकाश युनिकोडमध्ये रूपांतरित करावीत. तो फॉन्टचा प्रश्न आहे, सर्व्हरचा नाही. मूळ फाइली रूपांतरानंतरही जपून ठेवाव्यात, कारण परिवर्तक रफार आणि पहिल्या वेलांटीत हमखास अडखळतात.

पीएचपीमध्ये स्वतः लिहिलेले जुने संकेतस्थळ चालेल का?

बहुधा नाही. पीएचपी ७ मध्ये मायएसक्यूएलची जुनी फंक्शने काढून टाकली गेली, तीच त्या काळच्या प्रत्येक पाठ्यक्रमात शिकवली जात होती. पानांची संख्या कमी असेल आणि मजकूर क्वचितच बदलत असेल, तर सगळे संकेतस्थळ साध्या एचटीएमएलमध्ये उतरवून टाकावे. सोसायटीच्या संकेतस्थळाबाबत आम्ही तेच केले आणि कार्यकारिणीत कोणाच्या लक्षातही आले नाही.

मेल हलवताना पत्रे हरवतील का?

बाहेरचा मेल सर्व्हर पत्र पोहोचले नाही तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि प्रमाणित शिफारशीनुसार निदान चार-पाच दिवस करत राहतो, त्यामुळे काही तासांच्या खंडाने येणारी पत्रे हरवत नाहीत. मेलडीर प्रकारचा (प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असलेला) साठा असेल तर आरसिंक दोनदा चालवावा: एकदा सेवा चालू असताना, आणि शेवटचा, छोटा, सेवा थांबवून. फोनला पत्रे देणाऱ्या डव्हकॉट या प्रोग्रामच्या यूआयडी (पत्रांच्या क्रमांकांच्या) नोंदीच्या फाइलीही सोबत न्याव्यात, नाहीतर घरातील प्रत्येकाचा फोन सगळी पत्रे पहिल्यापासून उतरवू लागतो.

डेबियन १३ सोबत डव्हकॉट २.४ येतो आणि त्याची मांडणी २.३ शी जुळत नाही. जुनी कॉन्फिग फाइल नकलून डकवण्याचा मोह टाळावा. कोऱ्या फाइलीपासून सुरुवात केल्यास काम लवकर होते.

घरच्या जोडणीवरून थेट मेल पाठवण्याचा हट्ट मात्र मी सोडून दिला. मेल पाठवण्याचा पोर्ट २५ अनेकदा बंद असतो आणि उलट डीएनएस नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) तुमच्या हाती नसते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (पत्र खरोखर त्याच डोमेनचे असल्याची खूण) आणि योग्य उलट नोंद मागायला सुरुवात केली आहे. आता येणारी पत्रे घरी उतरतात आणि जाणारी एका भाड्याच्या लहान व्हीपीएसमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या आभासी सर्व्हरमधून, जातात.

इंटरनेट जोडणी बदलली तर काय तपासावे?

राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पाहावा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांना एकच बाहेरचा आयपी वाटून देणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थेच्या, मागे आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केले तरी बाहेरून कोणी आत येऊ शकणार नाही. स्थिर आयपी विकत घ्यावा किंवा व्हीपीएसपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढावा. चाचणी मोबाइलच्या डेटावरून करावी, कारण पुष्कळ राउटर घरातून घराच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाऊ देत नाहीत आणि नीट चालणारा सर्व्हरही बंद भासतो.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी क्रम कसा असावा?

पत्ता बदलणार असेल तर डीएनएस नोंदीचा टीटीएल (इतरांनी ती किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) निदान दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणावा. मी तो आयपी बदलतानाच कमी केला, त्याचा काहीही उपयोग झाला नाही. जगभरच्या सर्व्हरांनी आधीची नोंद चोवीस तासांसाठी लक्षात ठेवली होती आणि तो दिवस निम्मी माणसे जुन्या यंत्रावर जात राहिली. बाकी क्रम सरळ आहे. जुन्यावरच्या सेवा थांबवाव्यात, शेवटचा आरसिंक आणि डम्प घ्यावा, राउटरमधले पोर्ट नव्या यंत्राकडे वळवावेत, आणि मग घरच्यांना सांगावे. घरच्यांना आधी सांगितल्यास प्रत्येक अडचणीचे खापर त्याच कामावर फुटते, अगदी टीव्हीच्या केबलचेसुद्धा.

जुन्या यंत्राचे पुढे काय करावे?

ते लगेच मोडीत काढू नये. आम्ही ते नेटवर्कपासून तोडून दोन महिने तसेच ठेवले आणि तेवढ्यात तीनदा चालू करावे लागले, त्यांपैकी एकदा कीर्तनांच्या मूळ अनुक्रमणिकेसाठी.

डिस्क कोणालाही देण्याआधी पूर्ण पुसावी. फाइली नुसत्या डिलीट करणे किंवा फॉरमॅट मारणे पुरेसे नाही; फिरत्या डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा शून्ये लिहावीत, एसएसडी असेल तर तिचा स्वतःचा सिक्युअर इरेझ वापरावा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी हार्ड डिस्कचे ढीग मांडलेले असतात. त्यांपैकी एखादीत कोणाचे तरी बँक खात्याचे उतारे नसतील असे मी सांगू शकणार नाही. उरलेला सांगाडा भंगारवाल्याकडे न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत संगणकाचे सुटे भागही येतात.

आमच्या टॉवरचा एसएमपीएस, बोर्ड आणि एक डिस्क अशी गेली. दुसरी डिस्क, ९४,००० तासांची, कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे, कारण कीर्तनांची पूर्ण पडताळणी अजून व्हायची आहे.